न्यायाधीशावर ‘महाभियोग’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘न्यायमूर्तींवर महाभियोग’ असं बातम्यांत सर्रास छापून येतं, ते बरोबर आहे का? आणि मॅजिस्ट्रेटवरही महाभियोग चालतो का?

शब्द बोलण्यात रुळलेला आहे, ऐकणाऱ्याला कळतोही. पण आपल्या संविधानात महाभियोग आहे तो फक्त राष्ट्रपतींवर, अनुच्छेद 61 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल अनुच्छेद 124 ‘पदावरून दूर करणे’ एवढंच बोलतो, आणि उच्च न्यायालयांनाही तीच पद्धत लागू आहे. मी स्वतः ‘पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव’ असं लिहितो. मथळ्यात जागा नसेल तर ‘पदच्युतीचा प्रस्ताव’.

हा केवळ कीस काढणं नाही. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. ‘सरकारी अभियोक्ता’ मधला तोच हा शब्द. राष्ट्रपतींच्या बाबतीत संसदेचं एक सभागृह आरोप ठेवतं आणि दुसरं त्याची चौकशी करतं किंवा करवून घेतं. फिर्यादी संसद, निवाडाही संसदेचाच. न्यायाधीशाचं तसं नाही. लोकसभेच्या किमान 100 किंवा राज्यसभेच्या किमान 50 सदस्यांनी सह्या करून सूचना द्यायची. अध्यक्षांनी किंवा सभापतींनी ती दाखल करून घेतली, की प्रकरण तिघांच्या समितीकडे जातं: सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेपंडित. 1968 च्या न्यायाधीश चौकशी कायद्याने हे ठरवून दिलं आहे. समितीला दोष आढळला नाही तर प्रस्ताव तिथेच संपतो, खासदारांना मत द्यायची वेळच येत नाही. दूर करायची कारणंही दोनच, गैरवर्तन किंवा असमर्थता, आणि तीही ‘सिद्ध झालेली’ हवीत. माझ्या मते या तरतुदीचा सगळा जीव ‘सिद्ध’ या शब्दात आहे, आणि ‘महाभियोग’ म्हटलं की नेमका तोच झाकला जातो. वाचणाऱ्याला वाटतं, बहुमत जमलं की न्यायाधीश घरी.

बहुमतही साधं नाही. दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांच्यावरच्या प्रस्तावाच्या वेळी हा दुसरा आकडा नडला. समितीने त्यांच्यावरचे अनेक आरोप सिद्ध झाल्याचं म्हटलं होतं. लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही, पण 205 जण तटस्थ राहिले आणि प्रस्ताव पडला. मला तो निकाल आजही खुपतो. तरीही सरकारला नकोसा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला हीच भिंत वाचवते, म्हणून ती ठेंगणी व्हावी असं मी म्हणणार नाही.

आता मॅजिस्ट्रेट, म्हणजे दंडाधिकारी. तालुक्याच्या कोर्टात पाटी असते ‘दिवाणी न्यायाधीश क. स्तर व न्यायदंडाधिकारी प्र. वर्ग’, म्हणजे कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग. तहसील कचेरीत गेलात तर तिथे ‘तहसीलदार व कार्यकारी दंडाधिकारी’. दोघेही दंडाधिकारीच, पण पहिल्यावर अनुच्छेद 235 प्रमाणे उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. बदली, बढती, रजा, शिस्त सगळं तिकडून. दुसरा महसूल खात्याचा माणूस, त्याची बदली सरकार करतं. महाभियोग यांपैकी कोणावरच नाही आणि संसदेतला प्रस्तावही नाही. न्यायदंडाधिकाऱ्याची खात्यांतर्गत चौकशी होते आणि दोष ठरल्यास तो ‘बडतर्फ’ होतो. हा शब्द फारसीतून आला: बर तरफ, म्हणजे बाजूला. आदेश सरकारी असला तरी तो उच्च न्यायालयाच्या शिफारशीवरून निघतो, मंत्र्याच्या मनात आलं म्हणून नाही.

त्यामुळे ‘दंडाधिकाऱ्याची सरकारने केली बदली’ अशी बातमी दिसली, तर ती बहुधा तहसीलदाराची किंवा प्रांताची असते, कोर्टातल्या न्यायाधीशाची नव्हे. बातमी लिहिताना ‘न्याय’ किंवा ‘कार्यकारी’ हा आधीचा शब्द गाळू नये, जागा कितीही कमी असली तरी.