इंजिन चालू असूनही बोटीची बॅटरी चार्ज का होत नाही?

मासेमारीच्या बोटीवर १२ व्होल्टची नवी बॅटरी घातली, तरी दोन फेऱ्यांत ती उतरते आणि मेकॅनिक आता आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून अजून एक रुपयाही घालू नका. आधी साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. खाऱ्या हवेत दोष बहुतेक वेळा ना बॅटरीत असतो ना आल्टरनेटरमध्ये; तो मधल्या जोडांत लपलेला असतो.

इंजिन बंद करून चार-पाच तासांनी बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग इंजिन चालू करून थोडा रेस द्या. आता तिथेच १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नसेल तर आल्टरनेटरच्या मागच्या बी-प्लस बोल्टवर (जिथून चार्जिंगची वायर निघते) मोजा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.१ आलं, तर आल्टरनेटर ठणठणीत आहे, १.१ व्होल्ट वाटेत हरवतोय.

तो कुठे हरवतो ते असं पकडा. इंजिन चालू असतानाच सगळे दिवे लावा, मीटरची एक पिन बी-प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवा. ०.३ च्या वर आकडा आला तर दुसरी पिन एकेक जोड मागे आणत जा. आकडा जिथे एकदम खाली येईल, त्याच्या लगेच आधी सोडलेला जोड खराब. हीच तपासणी आल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्येही करा; ती बाजू हमखास राहून जाते.

खराब जोडाचं थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) बाहेरून चकचकीत दिसेल, पण वायरचं आवरण दोन इंच सोलून बघा. आत तांबं काळं पडलेलं आणि हिरवी पूड. अशी वायर पॉलिश पेपरने घासून काही होत नाही. लाल तांबं लागेपर्यंत कापत जा. काळेपणा संपतच नसेल तर अख्खी वायर बदला, आणि नवी कथिलाचा मुलामा दिलेलीच घ्या. थिंबल हातोडीने ठोकू नका, क्रिंपिंग टूलने दाबा.

बी-प्लसवरच व्होल्टेज कमी असेल तर आल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा. अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा. पुलीभोवती काळी भुकटी दिसली तर तो घसरतोय. चार्जिंगचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो का तेही बघा. बऱ्याच आल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो, त्यामुळे बल्ब गेला तर चार्जिंगही थांबू शकतं.

हे सगळं नीट असूनही बॅटरी नांगरावर उतरत असेल, तर बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप) फ्लोट स्विच तपासा; पाणी चढलं की तरंगून पंप चालू करतो तो. त्याची वायर बहुधा मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असते. तेलकट चिखलात फ्लोट वर अडकला की पंप कोरडाच फिरतो, आणि ४ अँपिअरने १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी साधारण २५ तासांत रिकामी होते.

इंजिन चालू असताना मेन स्विच कधीही बंद करू नका, आल्टरनेटरचे डायोड (आतले करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात. बॅटरी काढताना आधी मायनस सोडा, आणि चार्जिंग चालू असताना जवळ विडी पेटवू देऊ नका.

जून-जुलैच्या बंदीत बोट किनाऱ्यावर ओढली की बॅटरी काढून पूर्ण चार्ज करा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंगला लावा. अर्धी भरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि ऑगस्टमध्ये ती चार्ज घेत नाही.