सांगलीहून न्यूझीलंडला येऊन जुन्या बसमध्ये राहायचं म्हणतोयस, तर आधी हे वाच

भावा, तू विचारलंयस की वेलिंग्टनकडं घरभाडं झेपणार नाही, म्हणून आत बेड-किचन केलेली जुनी टोयोटा कोस्टर मिनीबस घेऊन तू आणि वहिनी त्यातच राहिलात तर चालेल का, आणि ती वाटेत बंद पडली तर काय बघायचं. मी साताऱ्याचा, गोडोलीतला, इथं असलीच १९९४ ची कोस्टर सहा वर्षं वापरतोय.

पहिलं सांगतो, इंजिनाला घाबरू नको. टोयोटाचं वन एचझेड नावाचं डिझेल इंजिन, ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर चालतं. फक्त त्याला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला ह्याची पावती माग, पावती नसेल तर बदललाच नाही असं धर आणि तो खर्च किमतीतून कमी करून घे. खरी डोकेदुखी असते ती बसचं घर करताना आधीच्या मालकानं जे उद्योग केलेले असतात त्यांची.

माझंच बघ. पहिल्या हिवाळ्यात रोज सकाळी सेल्फ मारत बसायचो, पंधरा-वीस सेकंद, मग खोकत चालू व्हायची आणि दिवसभर एकदम झकास. मी ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आधी तापवणारे) बदलले, बॅटऱ्या बदलल्या, पैसे घातले आणि फरक शून्य. शेवटी साताऱ्याला काकांना फोन लावला, ते एसटीच्या वर्कशॉपला होते, त्यांनी एवढंच विचारलं की रात्रभर उभी राहिली की हवा धरती का? मग डिझेल फिल्टरवरचा हातपंप मारून बघितला, सकाळी तो एकदम ढिला, वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर कुठं कडक झाला आणि लगेच अर्ध्या सेल्फला गाडी चालू. म्हणजे डिझेल रात्रीत टाकीकडं मागं जात होतं. इंजिनाच्या डिझेल पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक नळी बसवली तर त्यात बुडबुडे दिसले, माग काढत गेलो तर आधीच्या मालकानं आतल्या डिझेल हीटरसाठी मेन लाइनलाच टी जॉइंट मारलेला, क्लिप ढिली. डिझेल बाहेर गळत नव्हतं पण हवा आत ओढली जात होती, म्हणून खाली डाग पण दिसायचा नाही. हीटरची लाइन टाकीतून वेगळी घेतली, विषय संपला.

दुसरा उद्योग वायरिंगचा. जपानवरून आलेल्या बऱ्याच कोस्टर २४ व्होल्टच्या असतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि घरातले दिवे, पाण्याचा पंप सगळं १२ वर. मग शहाणे लोक एकाच बॅटरीवरून १२ चं कनेक्शन ओढतात. ती बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज, वर्षात दोन्ही गेल्या. मीटर घेऊन दोन्ही वेगवेगळ्या मोज, एक १२.७ आणि दुसरी ११.९ दाखवत असेल तर चोर सापडला. कन्व्हर्टर लावून २४ चे १२ करून घ्यायचे. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २८ च्या आसपास पाहिजेत, २५ च दिसले तर डायनॅमोकडं बघ. सेल्फ नुसता टक टक करत असेल तर बॅटरी घ्यायला पळू नको, आधी टर्मिनल आणि चासीला जाणारी अर्थिंगची वायर घासून साफ कर, निम्म्या वेळा तेवढंच असतं.

गरम होण्याचं म्हणशील तर इथं वेलिंग्टनजवळ रेमुटाकाचा घाट आहे, माथा ५५५ मीटर, आपला पसरणी घाट चढणाऱ्याला काही वाटणार नाही, पण घराचं सामान भरलेल्या बसला वाटतं. सपाटीला ठीक आणि चढाला काटा वर जात असेल तर रेडिएटर बाहेरून कचऱ्यानं बुजलाय का आणि फॅनचा क्लच घसरतोय का ते बघ. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय, मग ती बस सोडून दे. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे तुला सांगायला नको.

धुराचं तुला माहीतच असेल, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थंडीत थोडा चालतो पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर वाईट.

घ्यायच्या आधी वजनकाट्यावर ने, लोकांनी आत टाइल्स लावलेल्या पण मी बघितल्यात! साध्या क्लास १ लायसन्सवर ६००० किलोपर्यंतच चालवता येतं. गाडीचं नोंदलेलं जास्तीत जास्त एकूण वजन ३५०० किलोच्या वर असलं की सर्टिफिकेट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी तपासून मिळणारा दाखला, लागतो आणि त्यात गंज बघतात, म्हणून टॉर्च घेऊन खाली झोप. टायरच्या नुसत्या नक्षीवर जाऊ नको, वय बघ, बाजूचा चार आकडी कोड वाच, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणं रोड युजर चार्ज (रस्ता वापरायचा कर) आधी भरायचा असतो, मागची थकबाकी आहे का विचार.

आणि आल्या आल्या बस घेऊ नको, दोन महिने कुणाकडं तरी खोली घे. इथं गॅरेजवाल्याला चहा पाजून 'जरा बघ की' म्हणता येत नाही, तासावर पैसे.

पाने-मीटर घेऊन येऊ का म्हणालास, आण. पण वापरलेली हत्यारं डिझेलनं धुऊन, साबणानं पुसून, मातीचा कण राहू न देता आण आणि प्रवासी डिक्लरेशनच्या फॉर्ममध्ये लिही, मातीच्या बाबतीत हे लोक फार कडक आहेत.