पॅरोटिडच्या ऑपरेशननंतर जेवताना फक्त एकाच गालावर घाम का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या डाव्या कानाखालची गाठ पॅरोटिड या लाळग्रंथीसकट काढली, गाठ साधी निघाली, जखमही छान भरली. आता नऊ महिन्यांनी, जेवायला बसले की कानापुढचा तेवढाच गाल लाल होतो आणि घामाने डबडबतो. ही लाळ झिरपते आहे का, आणि ऑपरेशनमध्ये एखादी नस चुकून कापली गेली का, असं तुम्ही विचारलंय.

ती लाळ नाही, खराखुरा घामच आहे. आणि नसेच्या बारीक फांद्या कापल्या गेल्या हे खरं असलं, तरी ते चुकून झालेलं नाही. ग्रंथी काढायची तर तिच्यात शिरणाऱ्या त्या फांद्या तुटणारच.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. डोक्याच्या आणि मानेच्या स्वायत्त नसा (लाळ, घाम अशी आपोआप चालणारी कामं बघणाऱ्या) हा मुलांना सर्वांत नकोसा वाटणारा धडा. परीक्षेपुरता पाठ करायचा नि विसरायचा. पण माझ्या मोठ्या मामांचं हेच ऑपरेशन झालं आणि वर्षभरात ते लग्नाच्या पंगतीत बसेनासे झाले. आमटीचा पहिला भुरका घेतला की डावा हात रुमालासकट गालावर जायचा. 'लोक विचारतात, काय सांगू?' असं ते म्हणायचे. तेव्हापासून हा धडा मी त्यांच्या गालापासून सुरू करते. तुम्हालाही तसाच सांगते.

लाळ सुटण्याचा हुकूम निघतो मेंदूच्या देठातल्या, म्हणजे मेड्युलातल्या, एका छोट्या केंद्रातून. तिथले परानुकंपी (पॅरासिंपथेटिक) तंतू नवव्या मस्तिष्क नसेबरोबर कवटीच्या तळातून बाहेर येतात. तिथून पॅरोटिड हाकेच्या अंतरावर आहे, पण तंतू सरळ तिकडे जात नाहीत. ते मागे वळून हाडातल्या एका अतिबारीक बोगद्यातून मधल्या कानात शिरतात, तिथल्या भिंतीवर जाळं पसरतात, पुन्हा कवटीच्या आत जातात आणि बहुतेकदा फोरामेन ओव्हेल नावाच्या भोकातून परत खाली उतरतात. भोकाच्या लगेच खाली मसुरीच्या दाण्याहूनही लहान, चपटी अशी नसेच्या पेशींची एक गाठ असते, ओटिक गँगलियन. तिथे पहिला तंतू संपतो आणि दुसरा सुरू होतो. एसटी स्टँडवर उतरून गाडी बदलावी तसं.

ही दुसरी गाडीही त्यांच्या मालकीची नसते. तिचं नाव ऑरिक्युलोटेम्पोरल, म्हणजे कानाची आणि कानशिलाची नस. ती पाचव्या मस्तिष्क नसेची फांदी, आणि तिचं मूळ काम कानापुढच्या कातडीची संवेदना मेंदूकडे नेण्याचं. सुरुवातीलाच ती दोन मुळांत फुटून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीला मिठी मारते, मग एकत्र येऊन जबड्याच्या सांध्यामागून पॅरोटिडपाशी पोचते. लाळेचे तंतू तिच्यातून फुकट प्रवास करतात. चेहऱ्यातल्या चारही परानुकंपी गाठींची हीच तऱ्हा: डोळ्यामागची, नाकामागची, जबड्याखालची आणि ही. सगळ्यांचे तंतू शेवटचा टप्पा पाचव्या नसेच्या कुठल्या ना कुठल्या फांदीला धरून गाठतात.

आता घाम. त्याचा हुकूम खालून येतो. अनुकंपी (सिंपथेटिक) तंतू मेंदूतून मज्जारज्जूत उतरतात, छातीच्या वरच्या भागात बाहेर पडतात, फुफ्फुसाच्या टोकावरून मानेत चढतात आणि जबड्याच्या कोनामागे, गळ्याच्या मोठ्या धमनीच्या आड असलेल्या सुपीरियर सर्व्हायकल गँगलियनमध्ये गाडी बदलतात. ही गाठ चांगली अडीच-तीन सेंटिमीटर लांब असते. (फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला कर्करोग झाला तर त्या बाजूची पापणी उतरते आणि बाहुली बारीक होते, ते या वाटेमुळेच. चेहऱ्याचं दुखणं छातीत सापडतं.) तिथून पुढे तंतू बाहेरच्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीला बिलगून चेहऱ्यावर येतात. कानापुढच्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतू शेवटी पुन्हा त्याच ऑरिक्युलोटेम्पोरल नसेत शिरतात.

म्हणजे एकाच नसेत तीन प्रकारचे तंतू शेजारी शेजारी आहेत: स्पर्शाचे, लाळेचे आणि घामाचे. ग्रंथी निघाली की लाळेचे तंतू तुटतात आणि त्यांना जायला ठिकाणच उरत नाही. वरच्या कातडीकडे जाणारे घामाचे तंतूही तुटतात, त्यामुळे तिथल्या घामाच्या ग्रंथी पोरक्या होतात. तुटलेला तंतू स्वस्थ बसत नाही. तो नवे कोंब काढतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो आणि रिकामी जागा शोधतो. लाळेच्या कोंबांना सापडतात त्या पोरक्या घामाच्या ग्रंथी. या वाढीला काही महिने लागतात, म्हणून हा त्रास ऑपरेशननंतर लगेच न होता सहा महिने ते वर्ष-दीड वर्षाने सुरू झालेला दिसतो. तुमचे नऊ महिने त्यात अगदी बसतात.

पण चुकीच्या घरी गेलेला तंतू तिथे कामही कसा करू शकतो? मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. तंतूची टोकं निरोप पोचवतात ते रसायन सोडून. अनुकंपी तंतूंची टोकं बहुतेक सगळीकडे नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन सोडतात. घामाच्या ग्रंथी हा ठळक अपवाद: त्यांच्याकडे जाणारे तंतू अनुकंपी असूनही अ‍ॅसिटिलकोलिन हे दुसरं रसायन सोडतात. लाळेचे परानुकंपी तंतूही अ‍ॅसिटिलकोलिनच सोडतात. घामाच्या ग्रंथीला निरोप ओळखीच्याच भाषेत मिळतो, मग तो आणणारा कोण हे ती कशाला बघेल? वडिलांच्या मेंदूने 'लोणचं आलं, लाळ सोड' म्हटलं की गाल घाम सोडतो. तिथल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात, म्हणून लाली.

लाळ झिरपते की काय ही तुमची शंका मुळीच वेडगळ नाही. १८५३ मध्ये फ्रान्सच्या बायार्जे यांनी असे रुग्ण पाहिले तेव्हा त्यांचाही तर्क तोच होता, की नळी बंद झाल्याने अडकलेली लाळ कातडीतून बाहेर येत असावी. खरा उलगडा झाला १९२३ मध्ये. लुत्सिया फ्रे या पोलिश मज्जाविकारतज्ज्ञ बाईंनी गोळी लागून पॅरोटिडमध्ये पू झालेल्या एका सैनिकाला तपासलं आणि या सगळ्यामागे ऑरिक्युलोटेम्पोरल नस आहे हे दाखवून दिलं. आज या त्रासाला फ्रे सिंड्रोम म्हणतात. ल्व्हूव (आज युक्रेनमधलं ल्विव्ह) शहरातल्या या ज्यू डॉक्टरचा १९४२ मध्ये तिथल्याच घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नाझींच्या हातून अंत झाला. मी वर्गात हे नाव नुसतं फळ्यावर लिहून पुढे जात नाही. त्या कोण होत्या ते सांगते.

वडिलांना हेच झालंय याची खात्री डॉक्टर सोप्या चाचणीने करतात. गालावर आयोडीन लावून वाळवतात, वर स्टार्चची पूड भुरभुरतात आणि आंबट काहीतरी चघळायला देतात. घाम सुटेल तेवढाच भाग निळा-काळा होतो. ही चाचणी केली तर स्वतःहून कधीच तक्रार न केलेल्या कितीतरी रुग्णांमध्येही डाग उमटतो. म्हणजे हे होतं पुष्कळांना, जाणवतं काहींनाच. तिखट मिसळ खाऊन येणारा घाम वेगळा. तो कपाळ, नाक, वरचा ओठ असा दोन्ही बाजूंना येतो आणि निरोगी माणसालाही येतो. जुन्या मधुमेहातही जेवताना घाम येऊ शकतो, पण तोही सहसा दोन्हीकडे.

असाच गोंधळ चिमटा (फोर्सेप्स) लावून जन्मलेल्या काही बाळांतही दिसतो. वरचं अन्न सुरू केलं की एकच गाल कानापर्यंत लाल होतो, आणि अन्नाची अ‍ॅलर्जी समजून बिचाऱ्याचं खाणं तोडलं जातं.

उपचारांचं म्हणाल तर त्रास थोडा असेल तर काहीच करायला नको. हा आजार जिवाला घातक नाही आणि यामुळे गाठ पुन्हा येत नाही. जास्त असेल तर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड असलेलं घाम रोखणारं औषध गालावर लावायला देतात; ते डॉक्टरांना विचारूनच आणा, कातडी चुरचुरते. सर्वांत गुणकारी म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात ते. डाग उमटलेल्या भागात कातडीत थोडं थोडं टोचतात. ते तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन सुटूच देत नाही, म्हणजे निरोपच थांबतो. असर काही महिने टिकतो, मग गरज वाटली तर पुन्हा. मामांनी ते दोनदा घेतलं आणि पंगतीत बसू लागले.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ओळखा. टाक्याच्या जागेतून पाणी टपकत असेल किंवा तिथे मऊ फुगवटा येत असेल, तर ती खरोखर लाळ असू शकते. ती बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसते. आणि डोळा नीट मिटत नसेल, हसताना तोंड एका बाजूला जात असेल, तर तो प्रश्न सातव्या नसेचा. ती पॅरोटिडच्या आतून जाते, आणि सर्जनचं बहुतेक लक्ष तिलाच जपण्याकडे असतं. यातलं काही असेल किंवा नवी गाठ हाताला लागली, तर थांबू नका, लगेच दाखवा. कानाची पाळी बधिर वाटत असेल तर ती मानेतून येणाऱ्या तिसऱ्याच नसेची गोष्ट आहे. तो बधिरपणा पुष्कळांना येतो आणि बऱ्याच जणांत हळूहळू कमी होतो.

पुढच्या भेटीला जाताना वडिलांचा जेवतानाचा एखादा फोटो काढून न्या. दवाखान्यात उपाशीपोटी बसलेल्या माणसाच्या गालावर यातलं काहीच दिसत नाही.