डॅनियल क्रेगच्या जेम्स बाँडवर जुने चाहते एवढे का वैतागतात?

परभणीच्या दादांनी विचारलंय, चिडायचं कारण काय आणि पाहायचे तर कोणते.

राग मारामारीवर नाही, भाऊबंदकीवर आहे. आधीचे बहुतेक बाँडपट सुटे. कुठूनबी पाहा, चालायचं. २००६च्या ‘कसिनो रोयाल’पासून क्रेगचे पाचही एका माळेत ओवले. तेही चाललं असतं, पण २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये ब्लोफेल्ड, म्हणजे बाँडपटांतला जुना खलनायक, हा बाँडला सांभाळणाऱ्याचाच पोरगा निघाला, अन् आधीच्या तिन्ही सिनेमांतली दुखणी म्हणे त्यानंच दिलेली! जगाचा वैरी एकदम बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावासारखा झाला. ते काय, आपल्याकडं तालुक्याच्या कोर्टात रोज दिसतंय.

‘क्वांटम ऑफ सोलेस’ची (२००८) गत वेगळी. पटकथा लेखकांच्या संपात अडकली, म्हणून १०६ मिनिटांतही तुटक वाटतो. बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड गोळी झाडतो, ते सुरुवातीचं दृश्यही त्यात आणि ‘स्कायफॉल’मध्ये थेट शेवटी ढकललं.

‘नो टाइम टू डाय’ (२०२१) १६३ मिनिटांचा. नुसता तोच लावला तर निम्मं डोक्यावरून जाईल. आधी ‘कसिनो रोयाल’, ‘स्पेक्टर’, मग तो. ‘स्कायफॉल’ सुटा पाहिला तरी जमतं.