बोर्डावर जाण्याआधी : कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या संस्था नक्की कोण चालवतं?

ताई, तुमचा प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही अटलांटात अकाउंटंट आहात. तिथल्या कृष्णवर्णीय दुकानदारांना आणि छोट्या उद्योजकांना कर्ज, सल्ला आणि गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या एका ना-नफा संस्थेने तुम्हाला बोर्डावर खजिनदार म्हणून बोलावलंय. सध्या बोर्डावर एक बँक अधिकारी, दोन मोठ्या कंपन्यांचे लोक, एक वकील, एक पाद्री आणि स्वतः संस्थापक बाई आहेत. पगारी कार्यकारी संचालक वेगळे. यातलं संस्था खरी कोण चालवतं आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाचा तिथे काही उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी फिलाडेल्फियात अशाच एका संस्थेच्या कर्ज समितीवर बरीच वर्षं आहे. माझं उत्तर : जरूर जा. मात्र पैसे कुणाला द्यायचे हे ठरतं तेव्हा त्या खोलीत कोण कोण असतं, ते आधी विचारून घ्या. पदांच्या नावांवरून ते कधीच कळत नाही.

आधी आपल्या लोकांचा नेहमी होणारा घोळ सोडवतो. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांमध्ये अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार हेच बहुधा सगळं करतात; हॉल ठरवण्यापासून पावत्या फाडण्यापर्यंत. इथे तसं नाही. बोर्ड वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करतं, कार्यकारी संचालक नेमतं, त्याचा पगार ठरवतं आणि वेळ आली तर त्याला घरीही पाठवतं. रोजचा कारभार मात्र संचालक आणि त्याच्या हाताखालची माणसं बघतात. बोर्डाच्या सभासदांना सहसा मोबदला नसतो, संचालकाला पगार असतो, आणि तो असायलाच हवा. आठवड्याचे पाच दिवस लोकांचे ताळेबंद वाचणारा, बँकांशी भांडणारा, अनुदानाचे अर्ज लिहिणारा माणूस फावल्या वेळात मिळत नाही.

बँकवाला बोर्डावर का, असा तुमचा वेगळा प्रश्न होता. अमेरिकेत १९७७ सालचा एक कायदा आहे, कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट. ज्या भागातून बँक ठेवी गोळा करते त्या भागातल्या गरीब वस्त्यांनाही तिने कर्ज द्यावं, यासाठी तो आला, कारण त्याआधी कित्येक दशकं कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून कर्जाच्या बाहेर ठेवल्या गेल्या होत्या. या कायद्याखाली बँकांची तपासणी होते, आणि बँकेच्या अधिकाऱ्याने अशा संस्थेच्या बोर्डावर बसून आर्थिक जाणकारी दिली तर तीही बँकेच्या बाजूने मोजली जाते. म्हणजे तो माणूस तुमच्या बोर्डावर आला त्यामागे बँकेचाही हिशेब आहे. यात वावगं काही नाही. त्याच्यामुळे मोठ्या कर्जाची दारं उघडतात. फक्त बोर्डात अशीच माणसं बहुसंख्य झाली की संस्था हळूहळू बँकेच्या नजरेने अर्ज वाचायला लागते, आणि ज्यांना बँकेने नाही म्हटलं त्यांच्यासाठीच तर ती काढलेली असते.

समितीपुढे एकदा केसांच्या वेण्या घालून देणाऱ्या एका बाईंचा अर्ज आला होता. दुसरा गाळा घ्यायचा होता. त्यांच्या बँकेच्या उताऱ्यात दर शनिवारी किंवा सोमवारी चार-पाच छोट्या रोख रकमा जमा होत्या, सगळ्या जवळपास सारख्या, आणि विक्रीच्या वहीत त्यांचा पत्ता नाही. बँकेतून आलेल्या सभासदाने त्यावर लाल खूण केली : उत्पन्नाचा स्रोत अस्पष्ट. आमच्यातले एक गृहस्थ आयुष्यभर न्हाव्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले. त्यांनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "खुर्च्या भाड्याने दिल्यात का?" दिल्या होत्या. सलूनमध्ये खुर्चीचं आठवड्याचं भाडं घेऊन इतर कारागिरांना काम करू देण्याची पद्धत जुनी आहे. अस्पष्ट वाटलेली ती रक्कम म्हणजे त्या दुकानाचं सगळ्यात पक्कं उत्पन्न होतं, गिऱ्हाईक आलं नाही तरी येणारं. बाईंनी भाड्याच्या चिठ्ठ्या आणून दाखवल्या आणि कर्ज मंजूर झालं. ते गृहस्थ त्या दिवशी आले नसते तर अर्ज परत गेला असता, आणि कुणाची काही चूक झाली असं कागदावर दिसलंही नसतं.

म्हणून मी नेतृत्व बघतो ते असं : किती जणांनी स्वतः महिनाअखेर पगार वाटलेत, गल्ला उघडलाय, उधारी वसूल केलीय. तुमच्या यादीत असं एकही माणूस मला दिसत नाही. संस्थापक बाई त्यातल्या असतील, त्यांना विचारा.

हा प्रश्न नवा नाही. कृष्णवर्णीयांचे त्या काळचे मोठे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० साली बॉस्टनमध्ये नॅशनल नीग्रो बिझनेस लीग काढली. शहरोशहरी शाखा निघाल्या आणि गावागावातले शिंपी, औषधविक्रेते, दफनविधी करणारे, शेतकरी वार्षिक अधिवेशनात उभे राहून आपण धंदा कसा वाढवला ते सांगू लागले. वॉशिंग्टन १९१५ मध्ये वारले तोपर्यंत तेच अध्यक्ष होते आणि पत्रव्यवहार, संघटन, सगळं सांभाळत होते त्यांचे सचिव एमेट जे. स्कॉट. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा पैसा लीगला मिळत होता. वॉशिंग्टन यांच्यानंतर अध्यक्ष झाले नॅशव्हिलचे बँकर जेम्स नेपियर. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ मध्ये अटलांटा विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांवर परिषद भरवली होती, तिथूनच ही कल्पना पुढे गेली. नंतर मात्र दोघांचे रस्ते वेगळे झाले. संस्था एका थोर माणसाच्या नावावर उभी राहते आणि तिची घडी दुसराच कुणी सांभाळत असतो, हे तेव्हापासून चालत आलंय.

मला स्वतःला मॅगी लीना वॉकर यांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. रिचमंडमधली इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक ही परस्परसाहाय्याची संस्था : सभासद वर्गणी भरत, आजारपणात आणि अंत्यसंस्काराला मदत मिळे. १८९९ मध्ये वॉकरबाई तिच्या सचिव झाल्या तेव्हा तिजोरीत ३२ डॉलरही नव्हते आणि देणं होतं ४०० डॉलरचं. आई धुणं धुऊन घर चालवणारी. कुणाकडे किती शिल्लक पडते हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९०२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्र काढलं, १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक, १९०५ मध्ये कापडचोपडाचं मोठं दुकान. दुकान गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे काही वर्षांत बंद पडलं. बँक मात्र टिकली, महामंदीत इतर कृष्णवर्णीय बँकांशी एक होऊन पुढे चालत राहिली. अमेरिकेत बँक स्थापन करून तिच्या अध्यक्ष झालेल्या वॉकरबाई या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

आणि आमच्या फिलाडेल्फियाचे रेव्हरंड लिऑन सुलिव्हन. तुमच्या बोर्डावर पाद्री कशाला, असं वाटत असेल तर हे नीट वाचा. १९६२ मध्ये झायन बॅप्टिस्ट चर्चच्या व्यासपीठावरून त्यांनी आवाहन केलं : ५० जणांनी ३६ महिने दरमहा १० डॉलर द्यावेत. दोनशेहून जास्त लोक पुढे आले. त्या पैशाची त्यांनी केलेली वाटणी मला आजही शहाणपणाची वाटते. पहिल्या १६ महिन्यांचे पैसे गेले ना-नफा ट्रस्टमध्ये, शिक्षण आणि समाजकार्यासाठी, परत न मिळण्याच्या बोलीवर. उरलेल्या २० महिन्यांचे गेले नफ्यासाठी काढलेल्या गुंतवणूक कंपनीत, आणि त्यातून वर्गणीदार भागधारक झाला. म्हणजे १६० डॉलर समाजाला आणि २०० डॉलर भांडवलाला, एकाच माणसाच्या खिशातून. १९६८ मध्ये नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर प्रोग्रेस प्लाझा उभा राहिला, कृष्णवर्णीयांच्या मालकीचं देशातलं पहिलं शॉपिंग सेंटर म्हणून तो ओळखला जातो. दरम्यान १९६४ मध्ये एका जुन्या, बंद पडलेल्या तुरुंगाच्या इमारतीत सुलिव्हन यांनी नोकरीचं प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली होती. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने त्यांना संचालक मंडळावर घेतलं. प्रोग्रेस प्लाझा अजून आहे. तिथे भाजी घ्यायला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी कुणी सांगते की आमच्या वडिलांनी दहा-दहा डॉलर भरले होते, तेव्हा नेतृत्व या गोष्टीचा माझ्यापुरता अर्थ उलगडतो. पाद्र्याकडे माणसं होती, आणि माणसांचा त्याच्यावर विश्वास होता. बँकवाल्याकडे ते नसतं.

आजच्या संस्थांपैकी दोन सांगतो. फिफ्टीन परसेंट प्लेज २०२० साली सुरू झाली. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर काही दिवसांतच ऑरोरा जेम्स या फॅशन डिझायनरने मोठ्या दुकानसाखळ्यांना जाहीर आवाहन केलं : देशात कृष्णवर्णीय सुमारे १५ टक्के आहेत, तर तुमच्या फळ्यांवरची १५ टक्के जागा त्यांच्या मालाला द्या. सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानसाखळीने सगळ्यात आधी होकार दिला. जेम्स या स्वतः पादत्राणांचा आणि बॅगांचा ब्रँड चालवत होत्या, त्यामुळे दुकानाची खरेदी कशी होते हे त्यांना आतून ठाऊक होतं. संस्था रोजच्या रोज चालवायला लाटोया विल्यम्स-बेलफोर्ट कार्यकारी संचालक म्हणून आल्या. कल्पना मांडणारी एक आणि घडी बसवणारी दुसरी, ही जोडी जमली की संस्था पहिल्या उत्साहानंतरही टिकते. दुसरी संस्था तुमच्याच गावची, रसेल इनोव्हेशन सेंटर फॉर आंत्रप्रेन्युअर्स. हर्मन रसेल यांच्या बांधकाम कंपनीच्या जुन्या मुख्यालयातच ती आहे आणि तिचे पहिले प्रमुख जे बेली स्वतः उद्योजक आहेत. होकार देण्याआधी तिथे एक चक्कर नक्की मारा.

आता खजिनदार म्हणून तुम्हाला थेट भिडणारी गोष्ट. अटलांटातल्या फिअरलेस फंड या गुंतवणूक कंपनीची संस्था कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांना २०,००० डॉलरचं अनुदान स्पर्धेतून देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यावर दावा झाला. आधार कुठला घेतला, तर १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून झाला होता. जून २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशाने अल्पसंख्याकांच्या व्यवसायांसाठीच्या सरकारी संस्थेलाही वंशाच्या आधारावर मदत देण्यास मनाई केली. ती संस्था राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळापासूनची. मला हे फार लागलं. पण बोर्डावर बसायचं तर लागून उपयोग नाही, अर्जाच्या अटी कशा लिहिल्यात ते वकिलासोबत बसून वाचावं लागतं. अनेक संस्था आता विशिष्ट वस्ती, उत्पन्न किंवा बँकेने कर्ज नाकारल्याचा इतिहास, अशा निकषांकडे वळल्यात. तुमच्या संस्थेने काय केलंय, हे वकील सभासदाला पहिल्याच भेटीत विचारा.

कागदपत्रांत फॉर्म ९९० मागवा, म्हणजे ना-नफा संस्था दरवर्षी कर खात्याला देते ते विवरणपत्र; तो सार्वजनिक असतो. सहाव्या भागात बोर्डावर किती मतदार सभासद आणि त्यातले स्वतंत्र किती, हे दिसतं. सातव्यात प्रत्येकाचे आठवड्याचे तास आणि पगार. नवव्यात खर्चाचे तीन रकाने : कार्यक्रम, व्यवस्थापन, निधी-संकलन. शेड्यूल एल जोडलं असेल तर ते शांतपणे वाचा; संस्थेचा पैसा बोर्डाच्या किंवा नातलगांच्या व्यवसायात गेला असेल तर तिथे येतो. तुमची अकाउंटंटची नजर इथेच कामाला येणार आहे.

बाहेरचा माणूस म्हणून संकोच वाटतोय, ते समजतं. पण पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे डिक्की, काढली तेव्हा तिचे मार्गदर्शक चंद्रभान प्रसाद यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या उद्योजकतेचा दाखला उघडपणे दिला होता. भारत सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठेवलाय, तोही फळीवरच्या १५ टक्क्यांसारखाच विचार. तेव्हा तुम्ही अगदी परक्या घरात जात नाही आहात. फक्त पहिले काही महिने ऐका जास्त. तिथल्या माणसांनी दीडशे वर्षं हा प्रश्न अंगावर काढलाय.

संस्थापक बाईंबद्दल एक सांगायला हवं. संस्थापक बोर्डावरही असतात आणि संचालकाच्या कामातही हात घालतात, असं बऱ्याच ठिकाणी होतं, आणि मग कर्मचाऱ्यांना दोन मालक होतात. बाईंच्या नंतर त्यांची जागा कोण घेणार, याचं उत्तर बोर्डाकडे लेखी असावं. नसेल तर तुम्ही ते लावून धरा, नम्रपणे, पण सोडू नका.

बोर्डाच्या सभासदांसाठी विमा आहे का, हेही विचारा, दाव्यांचे दिवस आहेत. बैठका बहुधा तीन महिन्यांनी होतात, पण खजिनदाराला दर महिन्याचे हिशेब बघावे लागतात आणि ऑडिटच्या दिवसांत शनिवार-रविवारही जातात. घरी तशी कल्पना देऊन ठेवा. आणि बोर्डावर दुकान चालवलेला माणूस नाही, हे तुम्हाला पटलं असेल, तर होकार देतानाच तेवढी एक जागा भरायची अट घाला. नव्या खजिनदाराचं म्हणणं त्या घडीला जितकं ऐकलं जातं, तितकं नंतर ऐकलं जात नाही.