परतीपुरतं शिल्लक ठेव

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा थांबत थांबत. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी तिघं पोरं तुझ्या एकट्याच्या ताब्यात असणार, आणि दिवसभर घरात कोंडून घ्यायचं नाही असं तू ठरवलंयस. मोठी साडेतीन वर्षांची, जुळी पाच महिन्यांची. माझ्याही घरात हेच गणित होतं, आधी लेक आणि मागून दोन मुलगे एकदम, म्हणून तू मला विचारलंस. पण मला जे काही कळलं ते बरंचसं चुकून आणि बऱ्याच उशिरा कळलं, हे आधीच सांगून ठेवते.

तू विचारतोस, बरोबर काय काय घेऊ? सगळे हेच विचारतात. मीही त्याच नादात होते. पिशवी एवढी भरायचे की उचलताना खांदा निखळायचा. पण माझी फजिती झाली ती सामान कमी पडल्यामुळे नाही. ती गोष्ट आधी सांगते.

मुलगे सात महिन्यांचे होते, लेक चारची व्हायची होती. तिघांना एकटीने बागेत नेलं होतं. दृष्ट लागावी अशी सकाळ होती. दोघं बाबागाडीत गाढ झोपलेले, लेक घसरगुंडीवर, आणि मी चक्क बाकावर बसलेली. अकराला निघायचं ठरवलं होतं. अकरा वाजले. मनात आलं, इतकं छान चाललंय, कशाला मोडा, अजून अर्धा तास बसू. अकरा वीसला एक उठला. त्याच्या रडण्याने दुसरा उठला. तोवर भुकेजलेली लेक शेवटच्या पायरीवरून घसरली. गुडघ्याला नुसतं खरचटलं होतं, पण तिने सूर असा लावला की बाग गोळा झाली. एक कडेवर, एक गाडीत, एका हाताने गाडी ढकलत मी फाटकाकडे निघाले, तर ही रस्त्याच्या मधोमध बसली. म्हणाली, "माझे पाय संपले."

तो शब्द अजून कानात आहे. पाय संपले. अगदी खरं होतं ते. तिचे पाय संपले होते, मुलांची झोप संपली होती, माझी सहनशक्ती संपली होती, आणि घर अजून तसंच लांब होतं. मोटारीपर्यंत कशी पोचले ते धड आठवत नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाटेत पडलेला एक इवलासा बूट उचलून मुकाट्याने बाबागाडीच्या जाळीत टाकला होता, तो मला संध्याकाळी सापडला.

त्या दिवसापासून मी निघायची वेळ उलटीकडून मोजायला लागले. किती वेळ थांबता येईल हे नाही बघायचं, परत जायला किती लागेल ते बघायचं आणि तेवढं आधी बाजूला काढून ठेवायचं. पाच महिन्यांचं बाळ एका दमात साधारण दोन तास जागं राहतं, मग पेंगायला लागतं. त्यातला अर्धा तास दूध, डायपर आणि कपड्यांत जातो. जाण्यायेण्यात प्रत्येकी वीस मिनिटं धर. हातात उरतात जेमतेम पन्नास मिनिटं. एवढ्यात एकच ठिकाण होतं आणि तिथे एकच गोष्ट होते. बागेत जाऊन येता येता जरा सामानही घेऊ, असं मनात आलं की समज, आज पाय संपणार. गाडीत किंवा अंगावर झोपली तर वेळ वाढतो हे खरं, पण त्या झोपेच्या भरवशावर बेत आखू नकोस. आणि सगळं छान चाललेलं असतानाच निघायचं. हे फार जड जातं. मला अजूनही जातं, पाहुणी म्हणून गेले तरी.

जुळी थोडी आधी जन्माला आली होती असं तुझ्या आईने सांगितलं होतं. जुळ्यांमध्ये निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवड्यांच्या आतच येतात, त्यात काही नवल नाही. फक्त मान धरणं, बसणं, कुठल्या झोळीत किंवा सीटमध्ये ठेवायचं, हे जन्मतारखेवरून मोजू नकोस, डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली मूळ तारीख धरून मोज.

आता निघायचा क्रम. हा मी पाठ करून ठेवला होता. ज्याला पळता येतं त्याला गाडीत सगळ्यात आधी बसवायचं आणि सगळ्यात शेवटी उतरवायचं. म्हणजे आधी मोठीचा पट्टा, मग बाळं. पोचल्यावर आधी बाबागाडी उघडायची, ब्रेक लावायचा, दोघांना त्यात बांधायचं, मग तिचं दार. हे सगळं गाडीला चिकटून उभं राहून. कुणालाही आत ठेवून 'दोन मिनिटांत आलो' हे कधीच करायचं नाही. बंद गाडी उन्हात दहाच मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते, बाहेर हवा बरी असली तरी, आणि बाळाचं अंग आपल्यापेक्षा कितीतरी भरभर तापतं.

घरातून निघताना उलटं. जुळ्यांचं दूध आणि डायपर आधी उरकायचं, आणि अगदी दाराशी आल्यावर मोठीची शू. "मला नाही लागली" म्हणेल. आमच्याकडे तिचं नावच 'निघायची शू' होतं. लागली असो वा नसो, चप्पल घालायच्या आधी ती व्हायचीच. विचारायचं नाही, फक्त न्यायचं.

पिशवीचं थोडक्यात. बाहेर राहायच्या दर तासाला प्रत्येक बाळामागे एक डायपर आणि वर दोन. बाळांचे कपडे सगळेच घेतात, स्वतःचा एक शर्ट मात्र कुणी घेत नाही, आणि ओकारी येते ती बरोबर आपल्याच खांद्यावर. मोठीच्या चड्ड्या दोन. पिशवी निघताना भरायची नाही, परत आल्या आल्या भरून दाराशी ठेवायची. दमलेला असशील, नको वाटेल, तरी तेव्हाच भर. आणि ती बाबागाडीच्या दांड्याला टांगू नकोस, खालच्या जाळीत ठेव. बाळ उचललं की वजन मागे जातं आणि गाडी पिशवीसकट उलटते. हे मी रिकाम्या गाडीवर शिकले, नशीब.

दुधाचं मात्र नीट लक्षात ठेव. काढलेलं आईचं दूध साध्या हवेत, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ४ तास टिकतं. उन्हाळ्यात थंड पिशवीच बरी. पावडरचं दूध कालवल्यापासून २ तासांत संपायला हवं, आणि बाटलीला एकदा तोंड लागलं की तासाभरात. उरलेलं ओतून टाकायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. म्हणून पावडर वेगळी मोजून ने आणि लागेल तेव्हा कालव. कुणी म्हणेल, ऊन केवढं आहे, दोन घोट पाणी पाजा की बाळांना. सहा महिन्यांच्या आत पाणी द्यायचं नाही, जास्त वेळा दूध द्यायचं.

उन्हासाठी सावली आणि सैल, अंगभर कपडे. उन्हाची क्रीम एवढ्या लहानांना सहसा लावत नाहीत. आणि बाबागाडीवर दुपटं पांघरून सावली करायची फार सवय असते लोकांना. दिसायला प्रेमळ दिसतं, पण आतली हवा कोंडते आणि गाडीची भट्टी होते. एकाला अंगावर बांधणार असशील तर त्याचं तोंड सतत दिसायला हवं, हनुवटी छातीला टेकायला नको, आणि मान किंचित खाली केलीस तर टाळूचा पापा घेता आला पाहिजे. एवढ्या उंचीवर असेल तर बरोबर बांधलंय. गाडीतल्या सीटवर झोपलं तर प्रवास होईपर्यंत ठीक. घरी आल्यावर 'मोडायला नको झोप' म्हणून त्याच सीटमध्ये ठेवू नकोस, काढून सपाट अंथरुणावर उताणं निजव. उठलं तर उठलं.

आता मोठीबद्दल. खरं तर हे पत्र मी हिच्यासाठीच लिहायला घेतलं.

तू लिहिलंस की ती हल्ली पुन्हा अंथरूण ओलं करते आणि बाहेर गेल्यावर हट्टाला पेटते. एक दिवस नुसतं मोज, तिला किती वेळा 'हळू', 'थांब', 'बाळं झोपलीयेत' ऐकावं लागतं. मी मोजलं होतं, दुपारपर्यंत बोटं संपली होती. मग मी एक युक्ती केली. बाळांनाच मोठ्याने सांगायला लागले, "थांबा रे दोघं जरा, आत्ता ताईची पाळी आहे." दोघांना काडीचंही कळत नव्हतं. पण ती मान वर करून माझ्याकडे बघायची ना, त्या नजरेसाठी मी दिवसातून दहादा म्हणायचे. ओल्या चड्डीबद्दल अवाक्षर काढू नकोस, बदल आणि पुढे चल.

बाहेर जाणं हे तिचंच समज. पाच महिन्यांच्या बाळाला हलणारं पान आणि उजेड मिळाला की झालं, ते खिडकीतही मिळतं. जागा निवडायची ती हिच्यासाठी. चारी बाजूंनी कुंपण आणि एकच फाटक असलेली जागा शोध, आणि बसायचं ते फाटकाजवळ. एकटा माणूस तीन दिशांना पळू शकत नाही, पण एक फाटक राखू शकतो.

तिला काम दे, आणि ते खरं काम असू दे. खोटं काम मुलं लगेच ओळखतात. आमच्याकडे बाबागाडीच्या ब्रेकचं खातं लेकीकडे होतं. गाडी थांबली की ती वाकून बघायची आणि सांगायची, "लागला." एकदा मी खरंच विसरले होते आणि उतार होता. तिने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी अजून ओशाळते.

'थांब'चा खेळ घरी खेळून घे. पळायचं, मी थांब म्हटलं की पुतळा व्हायचं. शंभरदा हसत खेळलेलं असलं की रस्त्यावर एकदा उपयोगी पडतं. निघायच्या आधी तिचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढ. गर्दीत पोर दिसेनासं झालं तर बापाला स्वतःचं नावही आठवत नाही, फ्रॉकचा रंग काय आठवणार. दंडावर आतून पेनाने तुझा नंबर लिही. आणि शिकव की हरवलीस तर चालू लागायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं. मदत मागायची तर लहान मुलं बरोबर असलेल्या बाईकडे.

जुळी दिसली की दर दहा पावलांवर कुणीतरी वाकणार. "जुळी का हो? सारखीच दिसतात!" मोठी शेजारी उभी असते, तिच्या डोक्यावरून बोलणं चालू असतं. तू सरळ म्हण, "हिला विचारा, हिला दोघं ओळखता येतात." मग बघ ती कशी सांगते. तुलाही ऐकावं लागेल, "आज आईला सुट्टी वाटतं?" कौतुकाने म्हणतील, टोमणा मारतील, सल्ला देतील. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. हसायचं आणि गाडी ढकलायची.

एक दिवस असाही येईल की तिघं एकदम रडतील. त्या वेळी आधी बघ, कुणाला लागलंय का, कुणाचा श्वास अडतोय का. तसं काही नसेल तर बाळांना पट्ट्यात बांधलेलं राहू दे, मोठीला मांडीवर घे, आणि दोन मिनिटं तिघांच्या शेजारी नुसता बस. डोकं फार तापलं तर बायकोला फोन कर, मला कर. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कितीही राग आला तरी नाही. एवढ्याशा मेंदूला त्याने कायमची इजा होते. तू तसा नाहीस हे मला माहीत आहे, पण तीन रात्री न झोपलेला माणूस कसा असतो हेही माहीत आहे.

पहिल्या शनिवारी गाडी काढूच नकोस. खाली उतर, एक चक्कर मार, वीस मिनिटांत वर ये. मोठीला एक काडी किंवा दगड सापडेल, तो घरी आणू दे, धू आणि खिडकीत ठेव. तुला वाटेल, एवढ्यासाठी तासभर तयारी? हो, एवढ्यासाठीच. दुसऱ्या शनिवारी जरा लांब.

तुझी
मावशी

ता. क. जुळ्यांची गाडी शेजारी-शेजारी सीटची आहे म्हणालास. ती तुमच्या दारातून आणि लिफ्टमधून जाते का, ते आजच टेप लावून मोज. माझी जात नव्हती, आणि ते मला तिघांचे बूट घालून झाल्यावर समजलं.