चित्रं माझी, पण चेहरे?

प्रश्न : मी भूलतज्ज्ञ आहे, वय ४१. रात्री घरी आल्यावर कोळशाने चित्रं काढते. बहुतेक पेशंटचीच. टेबलावर आडवं झाल्यावर, मास्क लावायच्या आधी ते छताकडे बघत असतात, ते चेहरे. थिएटरमध्ये कधी काढत नाही, फोटो घेत नाही, सगळं आठवणीतून. आता एका गॅलरीने त्यांचं प्रदर्शन भरवू या म्हटलंय. प्रॅक्टिस सोडून पूर्ण वेळ हेच करावं असं मनात येतं. नवरा म्हणतो, हौस हौसेच्या जागी. शिवाय हल्ली पेशंटकडे बघताना गालावरची सावली आधी दिसते आणि अपराधी वाटतं. सहीत ‘डॉ.’ लावावं का, हाही प्रश्न आहे. काय करू?

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रात तीन पानं नोकरीबद्दल आहेत आणि पेशंटबद्दल जेमतेम चार ओळी. मला त्या चार ओळींनी थांबवलं. ‘त्यांना यातलं काहीच माहीत नाही, पण आठवणीतून काढलंय म्हणजे ते माझंच ना?’ असं तुम्ही लिहिता. खात्री असती तर शेवटी प्रश्नचिन्ह आलं नसतं.

आधी सावलीचं बोलू, कारण ते सोपं आहे. ओठांचा रंग, घामाचा थेंब, मानेच्या शिरा, हे बघणं तुमचं कामच आहे. मॉनिटरवरचा आकडा हलायच्या आधी चेहरा काहीतरी सांगतो, हे मला तुम्हीच लिहिलंय. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन वैद्यकीय विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेऊन चित्रांचं बारकाईने वर्णन करायला लावत. त्या विद्यार्थ्यांची रुग्णांचे फोटो निरखण्याची क्षमता सुधारली, असं त्यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा सावली दिसली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. सावलीच्या नादात नजर मॉनिटरवरून हटत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आता ते चेहरे. माणूस तिथे कपडे, चष्मा, कवळी, अंगठी सगळं काढून झोपलेला असतो. पुढच्या मिनिटाला शुद्ध जाणार हे त्याला माहीत असतं आणि वर बघितलं की तुम्ही दिसता. तो चेहरा तो तुम्हाला दाखवतो, कारण तुम्ही त्याचा श्वास सांभाळणार असता. गॅलरीत येणाऱ्यांना तो त्याने दाखवलेला नाही. आठवणीतून काढलं, हा बचाव तर तुमच्या बाबतीत उलटाच लागतो. तुमची स्मरणशक्ती इतकी तल्लख आहे की पाठवलेल्या एका चित्रात भुवईतला व्रणसुद्धा जागच्या जागी आहे. त्या बाईंची बहीण ते चित्र ओळखेल. डोळे झाकले तरी पुरत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीसुद्धा रुग्णांच्या फोटोंबद्दल हेच सांगते.

हेन्री टाँक्स तुम्हाला माहीत असतील. हा इंग्रज सर्जन वैद्यकी सोडून लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकवू लागला. पहिल्या महायुद्धात तो पुन्हा डॉक्टरकीकडे वळला आणि १९१६ पासून प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे उपचार घेणाऱ्या जखमी सैनिकांचे चेहरे पेस्टलमध्ये रंगवू लागला. शस्त्रक्रियेच्या आधीचे, नंतरचे. कुणाचा जबडा नाही, कुणाचं नाक नाही. हे विषय लोकांनी बघण्याच्या दृष्टीने फार भयंकर आहेत, असं खुद्द टाँक्सचं मत होतं. तुमच्या चित्रांत जखमा नाहीत, पण उघडेपणा तेवढाच आहे.

म्हणून विचारा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मात्र नाही, कारण तेव्हा भूल देणाऱ्या बाईंना ‘नको’ म्हणायची कुणाची छाती होणार? पेशंट घरी जाऊन बरा झाल्यावर, आणि जमलं तर तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून. प्रत्यक्ष चित्र दाखवा. ते भिंतीवर लागेल, विकलं जाईल, लोक मोबाइलवर फोटो काढतील, हे स्पष्ट सांगा आणि लेखी घ्या. हॉस्पिटलची परवानगी वेगळी लागेल. जे सापडत नाहीत त्यांची चित्रं घरीच राहू द्या. लहान मुलांची तर मी आईवडिलांनी हो म्हटलं तरी लावणार नाही. हा माझा हट्ट समजा. चित्राखाली ‘पहाटेचं सिझेरियन’ वगैरे लिहायचा मोहही टाळा, नावापेक्षा त्यावरूनच माणूस लवकर ओळखू येतो.

काही जण नाही म्हणतील. काही जण मात्र खूश होऊन म्हणतील, ‘मी असा दिसत होतो?’ आणि मग समोर बसायलाही तयार होतील. डोळे उघडे, तुमच्याकडे बघणारे. ती चित्रं कशी होतील याची मला तुमच्या प्रदर्शनापेक्षा जास्त उत्सुकता आहे.

प्रॅक्टिस एवढ्यात सोडू नका. एका आमंत्रणावर तेवढा मोठा निर्णय पेलत नाही. फ्रान्सिस सेमूर हेडन यांनी सर्जन म्हणून काम करता करता एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापण्याच्या कलेत, नाव मिळवलं आणि १८८० मध्ये एचिंग करणाऱ्या चित्रकारांची संस्था उभी केली. त्यांना जमलं म्हणून प्रत्येकाला जमेल असं नाही, पण ‘हे नाहीतर ते’ असंच असतं हेही खरं नाही. रात्रीच्या इमर्जन्सी कमी करा, आठवड्यातले दोन दिवस मोकळे ठेवा. त्याहून फार कमी मात्र नको. अधूनमधून एखादी केस घेतली की हात आखडतो, आणि भुलीत ते परवडत नाही. नवऱ्याशी ‘हौस’ या शब्दावरून वाद घालत बसू नका. ते दोन दिवस कॅलेंडरवर लिहा आणि त्या वेळात घर कोण बघणार ते ठरवा.

‘डॉ.’ सहीत नको. तो लावलात की लोक चित्राआधी डॉक्टर बघतील, आणि पेशंट कोण हेही शोधायला लागतील.

गॅलरीवाल्यांना याच आठवड्यात फोन करून तारीख पुढे ढकलायला सांगा. संमती मिळालेली किती चित्रं हातात उरतात ते बघूनच नवीन तारीख द्या. तेवढं थांबायची त्यांची तयारी नसेल, तर गॅलरी दुसरी शोधा.